जळक्या वासाची बाटली

१ एप्रिल १९२९ रोजी जपानच्या बाजारात एक नवी बाटली आली. पांढरं लेबल, आत सोनेरी पेय आणि किंमत साडेचार येन. परदेशातून येणाऱ्या नामांकित स्कॉचच्या जवळपास जाणारी ही किंमत होती. जपानमध्ये, जपानी हातांनी, स्कॉटलंडच्या पद्धतीनं तयार केलेली ही पहिली अस्सल व्हिस्की. तिच्यामागे कित्येक वर्षांची मेहनत होती आणि एका धाडसी व्यापाऱ्यानं पणाला लावलेली पुंजी होती. लोकांनी ती कौतुकानं घेतली, वास घेतला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. काहीतरी करपलंय, धुराचा वास मारतोय, ही सगळ्यांची तक्रार. बाटल्या दुकानांत पडून राहिल्या.

ज्याच्या हातची ही बाटली होती, तो मासाताका ताकेत्सुरू तेव्हा चौतीस वर्षांचा होता. आज जग त्याला जपानी व्हिस्कीचा जनक म्हणून ओळखतं. ज्यांच्या घराचा उंबरठा बाटलीनं कधी ओलांडलेला नाही, अशा वाचकांनीही त्याची कहाणी वाचायला हरकत नाही. कारण ती दारूपेक्षा मालाच्या खरेपणाची जास्त आहे. आपण जीव ओतून अस्सल माल करावा आणि गिऱ्हाइकानं तो नाकारावा, तेव्हा बदलायचं कुणी, मालानं की गिऱ्हाइकानं? हा प्रश्न या माणसाला आयुष्यभर पुरला.

मासाताकाचा जन्म २० जून १८९४ चा, हिरोशिमा प्रांतातल्या ताकेहारा या मिठागरांच्या गावातला. घराणं साके बनवणारं. साके म्हणजे तांदळापासून आंबवून केलेलं जपानी मद्य. ताकेत्सुरूंच्या घरात हा धंदा १७३३ पासून चालत आलेला. मासाताका तिसरा मुलगा. थोरल्या भावांना घरच्या धंद्यात रस नव्हता, म्हणून यानं ओसाकाला जाऊन मद्यनिर्मितीचं रीतसर तांत्रिक शिक्षण घेतलं. लहानपणी तो जिन्यावरून गडगडत खाली आला होता आणि नाकाला टाके पडले होते. तेव्हापासून आपल्याला इतरांपेक्षा बारीक वास कळू लागले, असं तो म्हातारपणीही सांगायचा. वैद्यकशास्त्राला हे कितपत पटेल कोण जाणे, पण त्याचं नाक तिखट होतं एवढं खरं. व्हिस्कीची पारख मुळात जिभेपेक्षा नाकानंच जास्त करतात.

१९१६ साली तो ओसाकाच्या सेत्सु शुझो या कंपनीत लागला. ही कंपनी पाश्चात्त्य धर्तीची मद्यं बनवायची. म्हणजे काय करायची? साधं अल्कोहोल घ्यायचं, त्यात साखर, रंग आणि कसले कसले अर्क घालायचे आणि बाटलीवर व्हिस्की लिहायचं. हसण्याचं कारण नाही. आपल्याकडेही व्हिस्की म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं पेय धान्यापासून नव्हे, तर साखर कारखान्यांतल्या उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून बनत आलं आहे. युरोपच्या कायद्यात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही. जपानी गिऱ्हाइकाला त्या काळी हीच चव ठाऊक होती आणि त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती कंपनीचे मालक किहेई आबे यांची. खोट्या मालावर धंदा फार काळ टिकणार नाही, हे ओळखून त्यांनी या पोराला खरी व्हिस्की शिकायला थेट स्कॉटलंडला पाठवायचं ठरवलं. पोरगा परत आला की त्याला जावई करून घ्यायचं, असंही त्यांच्या मनात होतं.

१९१८ साली मासाताका अमेरिकेमार्गे निघाला आणि डिसेंबरात ब्रिटनला पोचला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. ग्लासगो विद्यापीठात त्यानं रसायनशास्त्राचे वर्ग गाठले, पण व्हिस्की वर्गात शिकून येत नाही. या विषयावरच्या गाजलेल्या ग्रंथाचे लेखक नेटल्टन यांच्याकडे तो शिकवणी मागायला गेला, तर त्यांनी सांगितलेली फी त्याच्या आवाक्याबाहेरची. मग तो स्वतःच एकेका डिस्टिलरीचं दार ठोठावत फिरला. १९१९ च्या एप्रिलमध्ये लाँगमॉर्नच्या डिस्टिलरीनं त्याला पाच दिवस आत घेतलं. उन्हाळ्यात बोनेसच्या कारखान्यात धान्याची व्हिस्की पाहायला मिळाली. १९२० मध्ये कॅम्पबेलटाउनच्या हेझलबर्न डिस्टिलरीत मात्र काही महिने सलग काम करता आलं.

तिथं त्यानं पाहिलं ते असं. जव भिजवून त्याला मोड आणायचे. मोड आलेला जव पीटच्या धगीवर वाळवायचा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून साठलेल्या वनस्पतींची वाळवलेली ढेकळं. त्यांचा धूर दाण्यात मुरतो. मग तो दळून, गरम पाण्यात कालवून, गोड काढा आंबवायचा. तांब्याच्या, सुरईसारख्या मानेच्या मोठ्या भांड्यांत तो दोनदा उकळून वाफेचा अर्क धरायचा आणि ओक लाकडाच्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरत ठेवायचा. कामगार टाळायचे ते भट्टीचं भांडं आत शिरून घासायचं काम यानं मागून घेतलं, अशी गोष्ट सांगतात. रोजचं पाहिलेलं तो रात्री वहीत उतरवायचा, आकृत्यांसह. पुढं १९६२ साली जपानला आलेल्या एका ब्रिटिश मंत्र्यानं थट्टेनं म्हटलं होतं की, एका जपानी तरुणानं नुसत्या वहीपेननं आमच्या व्हिस्कीचं गुपित पळवलं.

वह्यांबरोबर त्यानं आणखी काही आणलं. ग्लासगोजवळच्या कर्किंटिलॉक गावात डॉ. कोवन यांचं कुटुंब राहायचं. डॉक्टर १९१८ मध्येच वारले होते. त्यांची एक मुलगी एला विद्यापीठात शिकत होती. आपल्या धाकट्या भावाला ज्युजुत्सू शिकवावं म्हणून तिनं मासाताकाला घरी बोलावलं. तिथं थोरली बहीण जेसी रोबर्टा, म्हणजे रिटा, भेटली. ८ जानेवारी १९२० रोजी दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. दोन्ही घरांना ते मान्य नव्हतं आणि ओसाकात आबेंचा जावई करण्याचा बेतही कोसळला. त्याच वर्षाअखेर तेवीस वर्षांची रिटा नवऱ्याबरोबर कधी न पाहिलेल्या देशात उतरली.

जपानला आल्यावर मासाताकाला कळलं की, आता खरी व्हिस्की कुणालाच नको आहे. युद्धानंतरची मंदी आली होती, कंपनीकडे पैसा नव्हता. १९२२ साली त्यानं नोकरी सोडली आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागला. रिटा इंग्रजीच्या आणि पियानोच्या शिकवण्या करायची. स्कॉटलंडच्या वह्या घरी पडून होत्या.

त्यांना हात लागला तो शिंजिरो तोरी या व्यापाऱ्यामुळे. गोड पोर्ट वाइन विकून तोरीनं पैसा मिळवला होता. पुढं सनटोरी नावानं प्रसिद्ध झालेली कंपनी त्याचीच. १९२३ साली त्यानं मासाताकाला दहा वर्षांसाठी, वर्षाला ४,००० येन पगारावर ठेवलं. परदेशी तज्ज्ञ बोलावला असता तर त्याला द्यावा लागला असता, तेवढा हा पगार होता. मासाताकाला कारखाना थंड होक्काइदो बेटावर हवा होता. तोरीला तो ओसाकाच्या जवळ, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर हवा होता. पैसा तोरीचा, तेव्हा कारखाना यामाझाकीला झाला. १९२४ च्या अखेरीस भट्टी पेटली.

बँकेच्या कर्ज विभागात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला इथं थबकायला होतं. कच्चा माल आज घ्यायचा, मजुरी आज द्यायची आणि विक्री पाच वर्षांनी. तोवर पिंपांतला माल दरवर्षी थोडा थोडा हवेत उडून जाणार. स्कॉटलंडात त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात, आम्ही त्याला तूट म्हटलं असतं. शिवाय मद्याचा कर माल तयार होताच भरायचा होता. उडून जाणाऱ्या मालावरही कर! तो माल बाहेर काढताना घ्यावा, हे मासाताकानं खेटे घालून अधिकाऱ्यांना पटवलं. असा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो आदरानं वाचला असता आणि वरच्या कचेरीकडे सरकवला असता. तोरीनं मात्र स्वतःचे पैसे घातले. आसपासच्या गावात म्हणे अशी आवई उठली होती की, कारखान्यात जव खाणारा राक्षस ठेवलाय. गाड्या भरून जव आत जातो आणि बाहेर काहीच येत नाही!

अखेर बाहेर आली ती ही पांढऱ्या लेबलाची बाटली. पैसा अडकला होता, माल आणखी मुरू द्यायला सवड नव्हती. पीटचा धूर मासाताकानं गुरूंबरहुकूम ठेवला होता. स्कॉटलंडात जो धूर अस्सलपणाची खूण, तोच साकेच्या हलक्या चवीला सरावलेल्या नाकांना करपट लागला. आंबट वरणाची सवय असलेल्या घरात एकदम मोहरीच्या तेलातली भाजी वाढावी, तसं झालं. पुढं मासाताकाची रवानगी कंपनीच्या योकोहामातल्या बिअरच्या कारखान्यावर झाली.

तोरी काही खलनायक नव्हता. तो गिऱ्हाइकाच्या जिभेमागं गेला, धूर कमी करत राहिला आणि १९३७ साली त्यानं काढलेली चौकोनी बाटली जपाननं डोक्यावर घेतली. पण मासाताका तोवर दूर गेला होता. करार संपल्यावर १९३४ साली त्यानं नोकरी सोडली आणि होक्काइदोतलं योइची गाठलं. समुद्र जवळ, हवा दमट, थंडी कडाक्याची, पीट हाताशी. हुबेहूब स्कॉटलंड. मात्र व्हिस्की मुरेपर्यंत खायचं काय? परिसरात सफरचंदाच्या बागा होत्या, म्हणून त्यानं रसाची कंपनी काढली. रसही त्यानं शंभर टक्के शुद्ध काढला, पाण्याचा थेंब नाही. तो महाग पडला. बाटलीत गढूळ दिसायचा. रंगीत गोड सरबतांना सरावलेल्या गिऱ्हाइकांनी तोही परत पाठवला. ठेच लागूनही या माणसानं चाल बदलली नाही.

१९३६ मध्ये योइचीला पहिली भट्टी बसली. पैसे एकाच भांड्यापुरते होते, म्हणून दोन्ही वेळचं उकळणं त्याच भांड्यात. ऑक्टोबर १९४० मध्ये निक्का या नावानं पहिली व्हिस्की आली. जपानी रस कंपनी या मूळ नावातल्या अक्षरांवरून हे नाव घडवलेलं. लवकरच युद्धानं सगळं आपल्या ताब्यात घेतलं. कारखाना नौदलाचा पुरवठादार ठरला, त्यामुळे जव मिळत राहिला आणि पिंपं भरत राहिली. त्याची किंमत रिटानं घरात मोजली. तिनं जपानी भाषा, स्वयंपाक, लोणची सगळं आत्मसात केलं होतं. तरी युद्धात ती शत्रूच्या देशातली बाई ठरली. पोलीस पाळतीवर, घराची झडती, रेडिओच्या तारेवरूनही संशय. नवऱ्याच्या हट्टापायी तिनं जेवढं सोसलं, तेवढं कंपनीच्या एकाही भागधारकानं सोसलं नसेल.

खरी कसोटी लागली ती युद्ध संपल्यावर. देश उपाशी आणि कंगाल होता. सरकारनं करासाठी व्हिस्कीच्या प्रती ठरवल्या होत्या आणि सगळ्यात खालच्या, तिसऱ्या प्रतीत माल्टचं प्रमाण शून्य ते पाच टक्के चालत होतं. म्हणजे रंगवलेलं अल्कोहोलही कायद्यानं व्हिस्कीच! खपत होतं तेच. मासाताकानं ते करायला नकार दिला. कंपनी कर्जात रुतली, भागधारक कावले, कामगारांच्या पगारांचा प्रश्न आला. तेव्हा १९५० साली त्यानं माघार घेतली. पण तिसऱ्या प्रतीतही त्यानं कायद्यात बसेल तेवढं सगळं माल्ट घातलं आणि कृत्रिम अर्क टाळले. मला या माणसाचा सगळ्यात मोठेपणा वाटतो तो इथं. दोनदा अपेशी ठरूनही ताठ राहणं कौतुकाचं खरंच, पण चार घरांच्या चुली विझायची वेळ आली तेव्हा वाकून, वाकल्यावरही हातून होईल तेवढं चांगलं करणं अधिक अवघड.

१७ जानेवारी १९६१ रोजी रिटा गेली. मासाताकानं स्वतःला दोन दिवस खोलीत कोंडून घेतलं, अंत्यविधीलाही तो गेला नाही, असं सांगतात. मग तो मुलाला, म्हणजे दत्तक घेतलेल्या भाच्याला, ताकेशीला बरोबर घेऊन कामाला लागला. १९६२ मध्ये तिच्या आठवणीत त्यांनी सुपर निक्का काढली. हातानं फुंकलेल्या काचेच्या बाटलीत, ३,००० येनांना. एव्हाना जपानी लोकांच्या खिशात पैसा खुळखुळत होता. त्यांची जीभही तीसेक वर्षांत हळूहळू या चवीपर्यंत आली होती. १९६९ मध्ये मियागीत दुसरी डिस्टिलरी उभी राहिली. जागा बघायला गेला तेव्हा मासाताकानं नदीचं पाणी आपल्याच व्हिस्कीत मिसळून चाखलं आणि तिथंच निर्णय दिला. स्वतः तो रोज घरी प्यायचा ती कंपनीची स्वस्तातली बाटली, कारण बहुतेक गिऱ्हाइकं तीच घेत.

२९ ऑगस्ट १९७९ रोजी, ८५ व्या वर्षी तो गेला. योइचीच्या टेकडीवर रिटाशेजारी त्याची समाधी आहे. २००१ साली एका ब्रिटिश मासिकानं जगभरातल्या व्हिस्क्या चाखून गुण दिले, तेव्हा पहिली आली ती योइचीची दहा वर्षं मुरलेली. २००८ मध्ये योइचीचीच वीस वर्षांची व्हिस्की जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट ठरली. तो ज्या हेझलबर्नमध्ये शिकला, ती डिस्टिलरी १९२५ मध्येच बंद पडली होती.

मागणी वाढली तशी जपानच्या नावावर परदेशी माल मिसळून विकण्याची सोयही काहींनी शोधली. कायद्यात त्याला आडकाठी नव्हती. शेवटी उत्पादकांच्या संघटनेनं स्वतःच व्याख्या ठरवली. माल्ट वापरलंच पाहिजे, पाणी जपानचं हवं आणि आंबवण्यापासून तीन वर्षं मुरवण्यापर्यंत सगळं जपानात व्हायला हवं. निक्कानं आपल्या कोणत्या बाटल्या या व्याख्येत बसतात आणि कोणत्या बसत नाहीत, याची यादी जाहीर केली. न बसणाऱ्यांत काही नामांकित बाटल्याही होत्या. ही व्याख्या लागू झाली १ एप्रिल २०२१ रोजी. जळक्या वासाची ती पहिली बाटली बाजारात आली, त्याला त्या दिवशी बरोबर ९२ वर्षं झाली होती.