काळ्या मातीचा कैवारी

नागपूरहून अमरावतीला निघाले की महामार्गावर तळेगाव लागते. नकाशात आणि सरकारी दप्तरात त्याचे पूर्ण नाव तळेगाव (श्यामजी पंत). इथून एक रस्ता आर्वीला फुटतो, एक आष्टीला, आणि सरळ पुढे गेले की वर्धा नदी येते. नदीच्या अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती. इंग्रजी अमदानीत हीच नदी मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांची सीमा होती. माती मात्र दोन्ही काठांवर सारखीच आहे. काळी, चिकण, पावसात पाय धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी. पऱ्हाटी, तूर, ज्वारी ही तिची जुनी पिके. संत्रा आणि सोयाबीन नंतरचे.

या मातीतला शेतकरी कष्टाळू असूनही हातातोंडाची गाठ का पडत नाही, हा प्रश्न नदीपलीकडच्या एका मुलाने आयुष्यभर स्वतःला विचारला. पुढे तो देशाचा कृषिमंत्री झाला. डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव विदर्भातल्या कुठल्याही घरात परके नाही. कुणी त्यांच्या संस्थेच्या शाळेत शिकलेले असते, कुणी त्यांच्या नावाच्या विद्यापीठातून बियाणे आणलेले असते. पण पुतळ्याला हार घालताना माणूस विसरला जातो, तसे भाऊसाहेबांचेही थोडे झाले आहे. आज पावसाचे वेळापत्रक बिघडले असताना त्यांचे आयुष्य पुन्हा वाचावे असे मला वाटते.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावचा. वडील शामराव, आई राधाबाई. ही तारीख बोलकी आहे. १८९६-९७ चा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, आणि मूल वर्षाचे होते न होते तोच १८९९-१९०० चा, जुनी माणसे ज्याला छप्पन्याचा दुष्काळ म्हणत, तो दाराशी आला. दोन दुष्काळांच्या मधल्या फटीत जन्मलेले हे मूल.

त्याआधीच्या तीस-चाळीस वर्षांत वऱ्हाडात कापसाचे राज्य सुरू झाले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, भाव चढले. युद्ध संपले आणि भाव कोसळले. पण शेतकरी तोपर्यंत रोख पिकाच्या आणि रोख कर्जाच्या फेऱ्यात सापडला होता. घरची ज्वारी कमी पेरायची आणि कापूस विकून धान्य घ्यायचे, असा रिवाज पडला. पाऊस चुकला की कापूसही गेला आणि धान्यही महागले. दुष्काळात वऱ्हाडची माणसे मेली ती नुसती पाण्यावाचून मेली नाहीत. बाजारात धान्य असले तरी ते घ्यायला पैसा नव्हता.

पापळची शाळा, अमरावतीचे हिंदू हायस्कूल, पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज असे टप्पे गाठत पंजाबराव १९२० साली विलायतेला गेले. पैशांची ओढाताण होतीच. एडिंबरा विद्यापीठात त्यांनी संस्कृतसाठीची शिष्यवृत्ती मिळवली, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर डॉक्टरेट घेतली आणि बॅरिस्टरही झाले. वेदांवर प्रबंध लिहिणारा हा कुणब्याचा पोर १९२६ साली परतला, तेव्हा वकिली करून बंगला बांधणे त्याला अवघड नव्हते. त्यांनी वेगळेच उद्योग मागे लावून घेतले. १९२७ साली अमरावतीचे अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून चळवळ झाली, तीत ते पुढे होते. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. १९२८ मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचे पाऊल उचलले. दुष्काळी मुलखात विहिरीवरचा हक्क हा जगण्याचा हक्क असतो, ही गोष्ट त्यांना नेमकी कळली होती.

१९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. शिक्षण, शेती आणि सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. काळ कठीण होता. जागतिक मंदीने कापसाचे भाव पार बसले होते. शेतकऱ्याचे उत्पन्न निम्म्याखाली आले तरी सावकाराच्या वहीतला आकडा जागचा हलत नव्हता. बियाण्याला सवाई, खायच्या धान्याला दिढी, आणि एक साल बुडाले की व्याज मुद्दलात मिळवून नवा कागद. या पार्श्वभूमीवर १९३३ चा कर्ज लवाद कायदा आला. त्यासाठी पंजाबरावांनी धरलेला आग्रह वऱ्हाडचे शेतकरी पुढे अनेक वर्षे बोलून दाखवत.

या कायद्याची रीत साधी होती. कर्जदार शेतकऱ्याने लवाद मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळाने दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचे, वह्या तपासायच्या, खरे देणे किती आणि फुगवलेले किती ते पाहायचे, आणि शेतकऱ्याला झेपेल अशा हप्त्यांत तडजोड करून द्यायची. देणे झटकायचे नाही, पण माणूस आणि जमीन दोन्ही शाबूत ठेवून ते फेडायचे, असा त्यामागचा विचार. कायद्याला दुसरी बाजूही होती. सावकाराने नवे कर्ज देताना हात आखडला, आणि त्याच्या जागी उभी राहायला सहकारी पतपेढ्या पुरेशा बळकट नव्हत्या. जुने देणे हलके झाले, पण पुढच्या पेरणीचा पैसा कुठून आणायचा हा प्रश्न उरलाच.

तो प्रश्न किती चिवट आहे हे मी बँकेच्या नोकरीत पाहिले. ग्रामीण शाखेत पीककर्जाची वही माझ्यासमोर असे. मृगाच्या आधी कर्ज वाटायचे आणि मार्चअखेर वसूल करायचे, हा आमचा कागदावरचा पंचांग. पावसाचा पंचांग निराळा. पेरणी झाल्यावर तीन आठवडे पाऊस दडी मारतो, बियाणे करपते, दुबार पेरणी करावी लागते. एकरी कर्जमर्यादेत दुबार पेरणीची तरतूद नसे. मग शेतकरी खत कमी घालतो, डवरणीचा एक फेर चुकवतो, बैल विकतो. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर कर्जाचे पुनर्गठन, नाही आली तर थकबाकी. थकबाकी टाळायला लोक दोन दिवसांसाठी सावकाराकडून पैसे आणून भरत आणि नवे कर्ज उचलून त्याचे देणे फेडत. त्याला नवे-जुने म्हणतात. आमच्या अहवालात वसुली उत्तम दिसे. शेतात मात्र दरसाल थोडे कमी पिके, कारण गरिबी आधी मातीचे खत खाते आणि मग माणसाचे धान्य.

भाऊसाहेबांनी हे चक्र ओळखले होते, म्हणून ते कर्जावर थांबले नाहीत. शेतकऱ्याचे पोर शिकले पाहिजे यासाठी त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद वसतिगृह उभे केले, सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले, आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. घटना समितीत ते मागासवर्गीयांच्या शिक्षणासाठी आणि नोकऱ्यांसाठी झगडले. १९५२ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर निवडून गेले आणि १९६२ पर्यंत केंद्रात त्यांनी शेतीचे काम पाहिले.

त्या दहा वर्षांत देश अन्नासाठी परदेशी जहाजांची वाट पाहत होता. भाताच्या जपानी पद्धतीच्या लागवडीची मोहीम १९५३ पासून देशभर निघाली, तिचा त्यांनी हिरीरीने प्रसार केला. निवडलेले बी, उंच गादीवाफ्यावर रोपे, सरळ ओळीत लावणी, भरपूर खत आणि वेळेवर निंदण. महागडे यंत्र त्यात नव्हते. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. कामगाराला संघटना आहे, व्यापाऱ्याला आहे, तशी शेतकऱ्याला हवी, हा त्यामागचा हिशेब. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्यासाठी आले होते. पुढे १९६१ मध्ये आशिया आणि आफ्रिकेतल्या देशांची ग्रामीण पुनर्रचनेवरची परिषद दिल्लीत झाली. पापळचा प्रश्न केनियाच्या आणि इंडोनेशियाच्या खेड्याचाही आहे, ही जाणीव त्यात होती.

तरी एक खंत राहतेच. जपानी पद्धत पाण्याखालच्या भाताची होती. वऱ्हाडच्या कोरडवाहू पऱ्हाटीला तसा मंत्र मिळाला नाही, आणि नंतरची हरितक्रांतीही ओलिताच्या गव्हा-तांदळाकडे गेली. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत भाऊसाहेब गेले. कोरडवाहू शेतीचे संशोधन विदर्भातच व्हावे म्हणून १९६७ मध्ये अकोल्याच्या विद्यापीठासाठी आंदोलन पेटले, गोळीबारात माणसे गेली. २० ऑक्टोबर १९६९ रोजी विद्यापीठ उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव दिले. तिथल्या पीकेव्ही हायब्रीड-२ या कापसाच्या वाणाने ऐंशीच्या दशकात अनेक कोरडवाहू घरांना हात दिला.

आज तळेगावच्या आसपास हिंडले तर जुनेच दुखणे नव्या रूपात दिसते. वर्ध्याचा पाऊस सरासरीत हजार मिलिमीटरच्या आसपास असतो, पण सरासरीवर पीक येत नाही. चार दिवसांत धो धो, मग वीस दिवस कोरडे. पाणी साचले की काळ्या मातीत मुळे गुदमरतात आणि पऱ्हाटी पिवळी पडते. खंड पडला की पात्या गळतात. कापणीच्या वेळी पाऊस आला की सोयाबीन शेंगेतच कुजते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, २०२३ मध्ये सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. २००६ चे पंतप्रधानांचे पॅकेज विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी होते, त्यात वर्धा होते. २००८ च्या सरसकट कर्जमाफीला दोन हेक्टरची मर्यादा होती. कोरडवाहू मुलखात सात-आठ एकरवालाही गरीबच असतो, आणि तो त्यातून सुटला. २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प आला, तोही या जिल्ह्यात आहे. रुंद वरंबा-सरीवर पेरणी, शेततळे, आंतरपीक म्हणून तूर, हे उपाय कामाचे आहेत. पण वरंबा पाडायला यंत्र लागते, तळ्याला जागा आणि पैसा लागतो, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज तो रांगेत शेवटी उभा असतो.

भाऊसाहेबांच्या आयुष्याचा धडा मला इथे दिसतो. त्यांनी कर्ज, शिक्षण, बियाणे आणि संघटना ही चार कामे चार माणसांवर सोपवली नाहीत. ती एकाच शेतकऱ्याच्या घरातली आहेत, हे त्यांना ठाऊक होते. आज हवामानाचा अंदाज एका खात्याकडे, कर्ज दुसऱ्याकडे, विमा तिसऱ्याकडे आणि संशोधन चौथ्याकडे आहे. शेतकरी या चारही दारांत उभा राहून थकतो. दर २७ डिसेंबरला भाऊसाहेबांच्या तसबिरीला हार घातले जातात, तेव्हा शेतात कापसाची वेचणी चालू असते. त्या वेचणीचा पैसा मार्चअखेरीस घरात किती उरतो, एवढा हिशेब कुणी मांडला तरी त्यांचे स्मरण खरे होईल.