गाडीवर शाळा घेऊन बांधावर गेलेला शास्त्रज्ञ : जॉर्ज कार्व्हर

(५ जानेवारी : पुण्यतिथी विशेष)

कृषी सहायक गावात येतो, चार शेतकरी बांधावर गोळा करतो, बियाणं-खतांचं समजावून सांगतो, हे आज आपल्याला नवीन नाही. पण कॉलेजातलं ज्ञान उचलून शेतकऱ्याच्या दारात न्यायचं काम ज्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवलं, त्यांत अमेरिकेतले डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं नाव मोठं आहे. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे मराठी वाचक त्यांना चांगलं ओळखतात.

१८६४ च्या सुमारास मिसुरी राज्यात एका गुलाम आईच्या पोटी त्यांचा जन्म झाला. तान्हे असतानाच टोळीनं माय-लेकराला पळवून नेलं. मालक मोझेस कार्व्हर यांनी माणूस पाठवला. एक घोडा देऊन पोर परत मिळालं, आई मात्र पुन्हा दिसलीच नाही. कार्व्हर नवरा-बायकोनं त्याला वाढवलं. पोर अशक्त, त्यामुळे जड कामं जमत नसत. जीव सगळा झाडाझुडपांत. पुढे लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून शिक्षण सुरू ठेवलं. एका कॉलेजनं तर रंग पाहून दारातूनच परत पाठवलं. शेवटी आयोवाच्या कृषी महाविद्यालयातून १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. तिथे शिकणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत आले. आसपासची परिस्थिती बिकट होती. वर्षानुवर्षं कापसावर कापूस घेऊन जमीन थकलेली. गुलामगिरी कायद्यानं संपली होती, पण बहुतेक कृष्णवर्णीय शेतकरी बटाईनं शेती करत. बियाणं, अवजारं, घरात खायला लागणारं धान्य, सगळं उधारीवर. पीक निघालं की मालक आणि दुकानदाराचा हिशोब चुकता करता करता हात रिकामेच.

कार्व्हर यांनी विकतच्या गोष्टींवर फारसा भर दिला नाही. महागडं खत परवडत नाही ना, मग जंगलातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ शेतात टाका. कापसाच्या जागी आलटून-पालटून चवळी, भुईमूग घ्या. त्यांच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. रताळी लावा, घरात खायला होतील. हे सगळं त्यांनी साध्या भाषेतल्या ४४ पुस्तिकांत मांडलं. १९१६ च्या पुस्तिकेत तर भुईमुगाचे १०५ खाद्यप्रकार दिले.

पण ज्याला वाचताच येत नाही, त्याचं काय? म्हणून १९०६ मध्ये खेचरं जोडलेली एक गाडी तयार झाली. पैसा मॉरिस जेसप यांचा, आखणी कार्व्हर यांची. नांगर, पेरणीयंत्र, बियाणं, खतं, लोणी काढायचं यंत्र असं सगळं घेऊन ती गावोगाव फिरू लागली. त्याच वर्षी टॉमस कॅम्पबेल यांनी तिची जबाबदारी घेतली. अमेरिकी कृषी खात्याचे ते पहिले कृष्णवर्णीय विस्तार कर्मचारी.

पुढे कापसाच्या बोंडात शिरणारा सोंडकिडा अलाबामात पोहोचला आणि भुईमुगाकडे लोक वळू लागले. १९२१ मध्ये आयात भुईमुगावर कर हवा, हे सांगायला कार्व्हर संसदेच्या समितीपुढे गेले. दहाच मिनिटं मिळाली होती, पण ऐकता ऐकता सदस्यांनीच वेळ वाढवून दिली. पीनट बटर त्यांनी शोधलं असं सांगतात, ते मात्र खरं नाही.

एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. स्वतःची जमीन असलेल्यांना त्यांचा सल्ला लगेच कामी आला. बटाईदाराला मात्र भुईमूग पटला तरी पेरता येईलच असं नव्हतं, कारण उधारी देणारा कापूसच मागायचा. सल्ला कितीही चांगला असो, काय पेरायचं हे कर्ज ठरवत असेल तर तो बांधावरच राहतो. कापूसपट्ट्यातल्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कार्व्हर यांनी ४७ वर्षं टस्कीगीतच काढली, पगारवाढ नाकारली, लग्न केलं नाही आणि साठवलेला पैसा संशोधनासाठी देऊन टाकला. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!