धरण झाले, प्रश्न उरला

पुण्यात आणि मुंबईत सेनापती बापट या नावाचे रस्ते आहेत. पण हे सेनापती कोणत्या सैन्याचे, असे विचारले तर फार थोडे लोक उत्तर देतील. त्यांचे सैन्य मुळशी पेट्यातल्या मावळ्यांचे होते आणि लढाई एका वीज कंपनीशी होती. लोणंद-शिरवळच्या शेतकऱ्यांनी औद्योगिक वसाहतींसाठी जमिनी दिल्या, कोयनाकाठच्यांनी धरणासाठी गावे सोडली. त्या सर्वांच्या आधीची ही कहाणी.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. घरची गरिबी, पण बुद्धी तल्लख. डेक्कन कॉलेजातून शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले. तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध बोलल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिसमध्ये ते बाँबची विद्या शिकले, १९०८ साली परतले आणि पोलिसांना चुकवत काही वर्षे भूमिगत राहिले. सुटका झाल्यावर पारनेरला येऊन या विद्वान माणसाने हाती झाडू घेतला आणि गावचे रस्ते झाडू लागला.

याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. मुळा आणि नीला यांच्या संगमाजवळ धरण बांधून ती पुरवण्याची टाटांच्या कंपनीची योजना होती. पन्नासहून अधिक गावे त्यात बुडणार होती. शेतकऱ्यांना न विचारताच शेतांत चर खणले गेले. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव हिंडले आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. मावळे बायकापोरांसह कामाच्या जागी जाऊन बसले. कंपनीने काही महिने काम थांबवले.

तडजोडीला वाव होता तो याच काळात. पण बोलणी वळली ती भरपाईच्या आकड्याकडे. अनेक जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. त्यांना चांगला भाव मिळाला की प्रश्न मिटत होता. जो कसत होता, त्याला मात्र भाव नको होता. त्याला शेत, देव आणि गाव हवे होते. पुढाऱ्यांतही मतभेद झाले. सरकारने भूसंपादनाचा कायदा लावला आणि काम पुन्हा सुरू झाले.

बापट मागे हटले नाहीत. मावळ्यांनी त्यांना सेनापती म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. तुरुंगवास सोसून ते परत आले, तोवर चळवळ विझत चालली होती. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची आगगाडी शस्त्रे घेऊन अडवली. गोळीबारही झाला. मग स्वतःच पोलिसांच्या हाती गेले. सात वर्षांची शिक्षा झाली. अहिंसेने सुरू झालेल्या लढ्याचा असा शेवट अनेकांना पटला नाही आणि आजही पटू नये. पण बोलण्याच्या सगळ्या वाटा बंद झाल्या की चांगली माणसेही कुठवर जातात, हे त्यातून दिसते.

१९३१ साली ते सुटले. १९२७ पासून भिरा येथे वीज तयार होत होती. मुंबई उजळली, मावळे पांगले. बापटांनी पुढे पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, १९५५ साली, गोव्याच्या सत्याग्रहातही भाग घेतला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

ते मध्यस्थ नव्हते; त्यांनी बाजू घेतली आणि ते हरले. तरीही कंपनी आणि गाव यांच्यामध्ये उभे राहणाऱ्या प्रत्येकाने मुळशीचा धडा गिरवावा असा आहे. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्याशी बोलणी केली म्हणजे गावाशी बोलणी झाली, असे नव्हे. कसणारा, मोलमजुरी करणारा, घर सांभाळणारी बाई यांना आधी विचारले पाहिजे, आणि तेही जमिनीत पहिला चर खणण्यापूर्वी.