चिन्हाविना निवडून आलेला महापौर

परदेशातून लॉस एंजेलिसला पोहोचणाऱ्या अनेक प्रवाशांचे पहिले पाऊल पडते ते टॉम ब्रॅडली आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर. मुलाकडे, लेकीकडे निघालेले आपल्याकडचे आईवडीलही तेथूनच बाहेर पडतात. सामान गोळा करण्याच्या घाईत फलकावरील नावाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ज्या माणसाचे हे नाव, तो गुलामांचा नातू होता, एकवीस वर्षे पोलीस होता आणि सलग वीस वर्षे त्या महानगराचा महापौर होता. मतपत्रिकेवर कोणत्याही पक्षाचे नाव नसताना तो पाच वेळा निवडून आला, हे त्याच्या आयुष्याचे विशेष मर्म.

मुंबईत महापौर निवडतात ते नगरसेवक, आणि प्रशासनाची सूत्रे असतात आयुक्तांच्या हाती. लॉस एंजेलिसमध्ये महापौर थेट नागरिकांच्या मतांनी निवडला जातो. मात्र तेथील मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापलेला नसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारणावाद्यांनी पक्षांच्या दलालांना नगरकारभारातून हद्दपार करण्यासाठी ही पद्धत आणली. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांमध्ये निर्णायक फेरी होते. पक्ष वजा केला की मतदाराने माणूस पाहावा, ही अपेक्षा. परंतु माणूस पाहायचा म्हणजे त्याचे काय पाहायचे? त्याचे काम की त्याचा वर्ण? ब्रॅडली यांच्या आयुष्याने हा प्रश्न त्या शहराला पुन्हा पुन्हा विचारला.

थॉमस ब्रॅडली यांचा जन्म २९ डिसेंबर १९१७ रोजी टेक्सास राज्यातील कॅल्व्हर्ट येथे झाला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने कापूस पिकवीत. टॉम सात वर्षांचे होण्याच्या आतच हे कुटुंब लॉस एंजेलिसला आले. पुढे वडील घर सोडून गेले आणि आईने लोकांच्या घरची धुणीभांडी करून मुलांना वाढविले. टॉम अंगाने उंच, पायाने वेगवान. पाव मैलाच्या शर्यतीतील नैपुण्यामुळे त्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत प्रवेश व शिष्यवृत्ती मिळाली. मात्र १९४० मध्ये शिक्षण अर्धवट सोडून ते पोलीस दलात दाखल झाले.

सुमारे चार हजारांच्या त्या दलात कृष्णवर्णीय शंभराच्या आसपास होते. त्यांना ठरावीक वस्त्यांत गस्त किंवा वाहतूक नियंत्रण एवढीच कामे मिळत. गोरा आणि काळा पोलीस एका गस्तीच्या गाडीत बसत नसत. ब्रॅडली यांनी आरडाओरडा केला नाही. परीक्षा दिल्या आणि लेफ्टनंटच्या पदापर्यंत चढले. दिवसा नोकरी आणि रात्री कायद्याचे वर्ग, असे करीत १९५६ मध्ये ते वकिलीची परीक्षाही उत्तीर्ण झाले. दलात याहून वर जाण्याची वाट नाही, हे उमगल्यावर त्यांनी वर्दी उतरविली.

नगर परिषदेच्या दहाव्या प्रभागात काळे, गोरे आणि जपानी वंशाचे लोक शेजारी शेजारी राहत. १९६१ मध्ये तेथील जागा रिकामी झाली, तेव्हा रहिवाशांनी ब्रॅडली यांचे नाव पुढे केले. पण परिषदेने एका गोऱ्या व्यावसायिकाची नेमणूक केली. दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, ब्रॅडली यांनी त्याच गृहस्थांना निवडणुकीत हरविले. तोवर एकही कृष्णवर्णीय न पाहिलेल्या त्या सभागृहात त्या एका वर्षात तिघे पोहोचले. १९६५ च्या ऑगस्टमध्ये वॉट्स भागात दंगल पेटली. सहा दिवसांत ३४ माणसे मारली गेली. पोलिसांच्या वर्तनाची चौकशी व्हावी, अशी मागणी या माजी पोलिसाने लावून धरली, आणि पोलीस दलातील अनेकांच्या मनातून ते कायमचे उतरले.

१९६९ मध्ये ते महापौरपदासाठी उभे राहिले. समोर सॅम यॉर्टी, आधीच दोन वेळा निवडून आलेले. दोघेही डेमोक्रॅटिक पक्षाचेच. पण ते मतपत्रिकेवर कोठेही दिसणार नव्हते. पहिल्या फेरीत ब्रॅडली यांना ४२ टक्के मते मिळाली, यॉर्टींना अवघी २६. विजय हातात आल्यासारखा वाटत होता. मग निर्णायक फेरीपूर्वीच्या आठवड्यांत यॉर्टींनी भीतीचे राजकारण आरंभिले. ब्रॅडली यांच्यामागे जहाल कृष्णवर्णीय आणि कम्युनिस्ट आहेत, ते निवडून आले तर पोलीस नोकऱ्या सोडून जातील, असा प्रचार झाला. एकवीस वर्षे पोलिसाची वर्दी अंगावर वागविलेल्या माणसाला पोलिसांचा शत्रू ठरविण्यात आले. यॉर्टी ५३ टक्के मतांनी जिंकले. पक्षाची खूण पुसून टाकल्याने जी मोकळी जागा निर्माण झाली, तिथे सद्सद्विवेक बसू शकतो, तसे भयही बसू शकते, हे त्या निकालाने दाखवून दिले.

ब्रॅडली यांनी या पराभवावर कांगावा केला नाही. पुढील चार वर्षे ते घरोघरी, सभागृहांत, सिनेगॉगमध्ये आणि गोऱ्या उपनगरांतील नागरिक मंडळांत जात राहिले. शहरात कृष्णवर्णीयांचे प्रमाण जेमतेम १८ टक्के होते. केवळ आपल्या समाजाच्या बळावर जिंकणे अशक्य होते, आणि पक्षाचे छत्र तर नव्हतेच. म्हणून त्यांनी कृष्णवर्णीय, पश्चिम भागातील उदारमतवादी ज्यू, लॅटिन आणि आशियाई वंशाचे नागरिक यांची मोट बांधली. १९७३ मध्ये पुन्हा यॉर्टींशीच सामना झाला आणि पुन्हा तोच प्रचार झाला. पण चार वर्षांत लोकांनी माणूस पारखला होता. ब्रॅडली ५६ टक्के मते मिळवून निवडून आले. वंशभेदाच्या शाळा घटनाबाह्य ठरविणारे निवृत्त सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी त्यांना शपथ दिली.

पुढील वीस वर्षांत शहराचा चेहरा बदलला. महापालिकेच्या मंडळांवर स्त्रिया व अल्पसंख्याक आले. मध्यवर्ती भागात उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. विमानतळ आणि बंदर विस्तारले. १९७६ च्या ऑलिम्पिकने माँट्रियलला कर्जात बुडविलेले असताना १९८४ चे यजमानपद घेण्याचे धाडस ब्रॅडली यांनी केले. पण तोट्याचा बोजा करदात्यांवर पडणार नाही, ही अट आधी मान्य करून घेतली. ती स्पर्धा २० कोटी डॉलरहून अधिक शिल्लक ठेवून गेली. भारतीयांच्या मनात ती वेगळ्या कारणाने राहिली आहे: पी. टी. उषाचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले ते तिथेच.

स्वतः ब्रॅडली यांचेही एक पदक असेच हुकले होते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी ते उभे राहिले, यावेळी पक्षाच्या नावासह. मतदानोत्तर चाचण्यांनी त्यांना विजयी ठरविले. प्रत्यक्षात सुमारे ७८ लाख मतांत ते एक लाखाहूनही कमी मतांनी हरले. टपाली मतदान आणि बंदूक नियंत्रणाचा वाद ही कारणे होतीच. पण चाचणीकाराला एक सांगून गुप्त मतदानात दुसरेच करणारे गोरे मतदार होते काय, या शंकेला ‘ब्रॅडली परिणाम’ असे नाव पडले. २००८ मध्ये ओबामांच्या निवडणुकीत त्याची पुन्हा चर्चा झाली आणि त्या निकालाने ती शंका बरीच दूर केली.

उत्तरायुष्यात मात्र यशावर सावली पडली. एका बँकेकडून सल्लागार म्हणून मानधन घेतल्याचे प्रकरण १९८९ मध्ये गाजले. खटला झाला नाही, पण प्रतिमा डागाळली. मध्यवर्ती भाग झळाळला, तरी दक्षिणेकडील गरीब वस्त्यांतले कारखाने बंद पडत गेले. १९९१ मध्ये रॉडनी किंग यांना पोलिसांनी केलेल्या मारहाणीची चित्रफीत जगाने पाहिली. महापौरांनी पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांचा राजीनामा मागितला. त्यांनी तो दिला नाही. पोलीस दल राजकारणापासून मुक्त राहावे, म्हणून प्रमुखाला नोकरीचे असे संरक्षण होते, की लोकांनी निवडलेला महापौरही त्याला हटवू शकत नव्हता. दोघांचे बोलणे वर्षभर बंद होते. २९ एप्रिल १९९२ रोजी आरोपी पोलीस निर्दोष सुटले आणि शहर पेटले. पन्नासहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी जूनमध्ये मतदारांनी सनद दुरुस्त करून पोलीसप्रमुखाच्या मुदतीला मर्यादा घातली. ब्रॅडली यांना जे हवे होते ते मिळाले, पण राखेवर उभे राहून.

१९९३ मध्ये ते पुन्हा उभे राहिले नाहीत. १९९६ मध्ये पक्षाघाताने त्यांची वाचा गेली आणि २९ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. मुळातच मितभाषी असलेल्या या नेत्याचे अखेरचे दिवस मौनातच सरले.

मतपत्रिकेवरून पक्ष काढला की राजकारण आपोआप शुद्ध होते, हा समज ब्रॅडली यांच्या चरित्रासमोर टिकत नाही. १९६९ आणि १९७३ च्या दोन्ही निवडणुकांत पद्धत तीच होती, प्रतिस्पर्धी तेच होते, उमेदवाराचा वर्णही तोच होता. बदलले ते एवढेच, की मधल्या चार वर्षांत एक माणूस परक्या दारांवर न थकता थाप देत राहिला आणि दारांमागच्या लोकांनी हळूहळू ती उघडली. चिन्हाच्या जागी विश्वास यावा लागतो, आणि तो कोणतीही सनद छापून देऊ शकत नाही.