पायी शोधलेला इतिहास

मालवणहून किनाऱ्याने दक्षिणेस गेले म्हणजे गोवा लागतो. तेथील कोसबेन या गावी ३१ जुलै १९०७ रोजी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे थोर पंडित. ज्ञानासाठी ते नेपाळ व सिंहलद्वीपापर्यंत हिंडले होते. तेव्हा पायपीट मुलाला वारशानेच मिळाली म्हणावयाची! दामोदर १९२९ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि स्वदेशी परतून गणित शिकवू लागले.

या गणितज्ञाला इतिहासाकडे नेले ते जुन्या नाण्यांनी. तक्षशिला येथे सापडलेल्या चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव नाही की साल नाही. नुसती चिन्हे ठोकलेली. त्यांतील आधीची कोणती व नंतरची कोणती? कोसंबींनी तराजू हाती घेतला. नाणे हातोहात फिरते, घासते आणि कणाकणाने झिजते. म्हणून सारख्या वजनाच्या नाण्यांपैकी जे अधिक काळ फिरले, ते अधिक हलके. हा नियम पारखण्यासाठी त्यांनी त्या वेळची चालू नाणीही हजारांनी तोलली. हजारो अनाम हातांनी लिहिलेला तो हिशेबच होता.

परंतु ज्यांच्या हाती नाणे क्वचितच आले, ज्यांनी अक्षरही लिहून ठेवले नाही, त्या धनगरांचा व कुणब्यांचा इतिहास कोठे वाचावा? पोथ्या त्यांच्याविषयी बहुधा मुक्या. मग सवड मिळताच कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि माळराने पायी तुडवू लागले. नोकरी मुंबईस, घर पुण्यास. आगगाडीचा प्रवास होताच, त्यात ही भर! वाकून पाहता पाहता त्यांना अश्मयुगीन माणसाची नखाएवढी दगडी पाती सापडली. ती विशेषतः मेंढपाळांच्या जुन्या वाटांवर आणि म्हसोबा, बोल्हाई अशा ग्रामदेवतांच्या ठाण्यांजवळ आढळत. वाट एकच, हे नकाशावरून कळले नसते. ते धनगरांजवळ बसत आणि देवाची कहाणी विचारून घेत.

घरातही त्यांची दृष्टी तशीच चाले. बारशाला बायका वरवंटा सजवून पाळण्याभोवती फिरवितात. हा विधी कोणत्याही शास्त्रात सांगितलेला नाही. पाट्यावर दाणे भरडणाऱ्या अतिप्राचीन काळापासून तो बायकांच्या हातांनीच जपला, असे कोसंबींनी दाखविले.

भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९५६ साली निघाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.