व्हिन्सेंट व्हॅन गॉग : समोरची भाजी पाहून शिकलेले चित्रकार

मला चित्र येतच नाही असं म्हणणारी दोन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना व्हॅन गॉग यांची ही माहिती जरूर सांगा.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी नेदरलँड्समधील झुंडर्ट या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. सोळाव्या वर्षी ते चित्रविक्रीच्या पेढीत नोकरीला लागले. पुढे इंग्लंडमध्ये काही काळ शिक्षक झाले, मग बेल्जियममधील कोळसा खाणीच्या भागात धर्मप्रचारक. पण कुठेच जम बसला नाही. १८८० मध्ये त्यांनी चित्रकार व्हायचं ठरवलं, तेव्हा वय होतं २७ वर्षे!

सुरुवातीला पुस्तकातले नमुने पाहून त्यांनी भरपूर सराव केला. पण पुस्तकावरच ते थांबले नाहीत. १८८१ च्या अखेरीस द हेग शहरात त्यांचे नातेवाईक आणि चित्रकार आंतोन मॉव्ह यांनी त्यांना समोर वस्तू मांडून रंगवायला लावलं. कोबीचा गड्डा आणि लाकडी बूट हे त्यांच्या अगदी सुरुवातीच्या तैलचित्रांपैकी एक.

१८८५ मध्ये न्यूनेन गावात त्यांनी शेतकरी कुटुंबाचं 'बटाटे खाणारे' हे प्रसिद्ध चित्र काढलं. त्याच वर्षी टोपलीतले बटाटे, सफरचंदं, भोपळे समोर ठेवून अनेक चित्रं रंगवली. बटाटा नुसता गोल दिसून उपयोग नाही. अंगावर फेकला तर लागेल इतका तो जड आणि भरीव वाटला पाहिजे, असा त्यांचा प्रयत्न होता. म्हणून मातकट रंग, गडद सावली.

जानेवारी १८८९ मध्ये फ्रान्समधील आर्ल येथे आजारपणातून रुग्णालयाबाहेर आल्यावर त्यांनी पुन्हा ब्रश हातात घेतला. तेव्हाही टेबलावर होती कांद्यांची बशी. २९ जुलै १८९० रोजी वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. चित्रकलेला मिळाली जेमतेम दहा वर्षं.

आपण काय करू शकतो? फळ्यावर तयार बटाटा काढून देण्याऐवजी मुलाच्या हातात खरा बटाटा द्या. त्याला तो तोलू दे, डोळे आणि खड्डे बोटाने चाचपू दे. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते ते विचारा. मग कागद द्या. प्रत्येकाचा बटाटा वेगळा येईल. येऊ द्या. खोडरबर थोडं लांबच ठेवा, आणि चित्र आपण स्वतः दुरुस्त करून देऊ नका.