दम्याचे औषध स्वतःवर तपासणारे डॉक्टर : रॉजर अल्टून्यान

सोयाबीनची मळणी सुरू झाली की भोकर परिसरात धुळीने दमा बळावतो. अशा वेळी अमुक वनस्पतीच्या अर्काने उंदरांचा दमा बरा झाला, अशी बातमी मोबाईलवर आली की घरचे विचारतात, आपणही घ्यावा का? डॉ. रॉजर अल्टून्यान यांचे आयुष्य या प्रश्नाभोवतीच गेले.

त्यांचा जन्म १९२२ चा, सीरियातील अलेप्पो शहरातला. आजोबा आणि वडील तिथे रुग्णालय चालवत. दुसऱ्या महायुद्धात रॉजर वैमानिकांना शिकवत. पुढे ते डॉक्टर झाले. त्यांना स्वतःला दमा होता. १९५० च्या दशकात सीरिया सोडून ते इंग्लंडमध्ये एका औषध कंपनीत लागले.

तिथे खेल्ला या वनस्पतीवर काम चालू होते. ही आपल्या ओव्याच्या कुळातली. इजिप्तमध्ये तिचे बी पूर्वापार औषधात वापरतात. बियांतील खेलिन श्वासनलिका सैल करते, पण त्याने मळमळते. म्हणून त्याच्यासारखी नवी रसायने बनवून ती गिनीपिगवर तपासत. गिनीपिगवर ज्यांचा गुण दिसला नाही, अशी काही रसायनेही अल्टून्यान यांनी सोडली नाहीत. त्यांना गिनीपिगच्या केसांची अॅलर्जी होती. रसायन हुंगायचे, मग केसांचा अर्क हुंगून मुद्दाम दम लावून घ्यायचा आणि श्वास मोजायचा. असे सुमारे आठ वर्षे चालले. (यात जिवाला धोका होता. कुणीही घरी करून पाहू नये.)

१९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट हाती आले. ते अॅलर्जीच्या पेशींना त्रासदायक रसायने सोडू देत नाही. म्हणून ते आधी, नियमित घ्यावे लागते. दम लागल्यावर घेऊन उपयोग नाही.  दम लागूच न देण्याचा हा गुण गिनीपिगच्या चाचणीत निसटला. उलटही घडते : प्राण्यात दिसलेला गुण माणसात अनेकदा दिसत नाही. तेव्हा उंदरांवरच्या बातमीवर विसंबून चालू इनहेलर बंद करू नका.

ही पूड छातीत ओढण्यासाठी त्यांनी छोटा पंखा फिरणारे साधनही बनवले. वैमानिकच ते! १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. दम्यात आता बहुधा स्टिरॉइडचे इनहेलर देतात. क्रोमोग्लायकेट मात्र अॅलर्जीने डोळे खाजतात त्यावरच्या थेंबांत अजून मिळते.